'आब्लार' आणि बिघडलेल्या लॅटिनची गोष्ट

स्पॅनिश म्हणजे बिघडलेली लॅटिन, हे विधान इतिहासाच्या चर्चांत अजूनही बेधडक केले जाते. मला ते अमान्य आहे. त्याविरुद्ध साक्षीला एकच शब्द पुरेसा आहे: 'आब्लार', म्हणजे बोलणे. (लेखनात आरंभी 'ह' असतो, उच्चारातून तो केव्हाच लोपला.)

सिसेरो आणि सीझर यांच्या गद्यात बोलण्यासाठी नेहमीचे क्रियापद 'लोक्वी'. रूप कर्मणी, अर्थ कर्तरी, चालवायला बिकट. पण त्यांच्याही शंभरेक वर्षे आधी प्लॉटसच्या विनोदी नाटकांतील पात्रे 'फाबुलारी' वापरतात, म्हणजे गप्पा मारतात. 'फाबुला' म्हणजे गोष्ट, त्यावरून घडलेले हे क्रियापद. त्याचा गण सोपा. पुढे लोकांच्या तोंडी त्याने कर्मणी वेषही टाकून दिला. इबेरियन द्वीपकल्पात तेच रुजले. इ. स. १२०० च्या सुमारास रचलेल्या सिदच्या वीरकाव्यात ते 'फाब्लार' आहे. मग कॅस्टिलमध्ये आरंभीच्या 'फ'चा 'ह' झाला आणि अखेर तोही विरला. लॅटिन 'फिलिउस'चा 'इखो' (मुलगा) आणि 'फारिना'चे 'आरिना' (पीठ) याच वाटेने आले. पोर्तुगीजांनी 'फ' राखला, मधला 'ब' गमावला: 'फालार'.

फ्रान्स आणि इटलीने निराळा शब्द निवडला. ग्रीकमधून आलेला 'पाराबोला' हा बायबलमधील दृष्टान्तांमुळे सर्वतोमुखी झाला. त्यापासून फ्रेंच 'पार्ले' आणि इटालियन 'पार्लारे'. स्पॅनिशने त्यातून फक्त नाम घेतले, आणि 'र-ल'ची अदलाबदल करून 'पालाब्रा', म्हणजे शब्द, केला.

यात बिघडले काय? ध्वनी नियमाने बदलले. अर्थ कथेकडून बोलण्याकडे सरकला. शुद्धिरक्षक त्या काळीही होतेच. 'प्रोबसचे परिशिष्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन यादीत कुणा व्याकरणकाराने बजावले आहे की कानासाठी 'आउरिस' योग्य, 'ओरिक्ला' चूक. आजचा स्पॅनिश कान, 'ओरेखा', नेमका त्या चुकीतून जन्मला आहे!

पंडितांनी पुढे ग्रंथांतून 'फाबुला' पुन्हा उचलला, 'फ' शाबूत ठेवून. आज त्याचा अर्थ बोधकथा. आणि 'लोक्वी'? त्याचे कूळ 'लोकुतोर' या शब्दात उरले आहे, म्हणजे रेडिओवरचा निवेदक.