आकडा मोठा, म्हणून खेळाडू मोठा?

विद्यार्थी मित्रांनो, आरंभीच तुम्हांला एक निवड करायची आहे. एकाच संघात दोन खेळाडू आहेत. त्यांना आपण तूर्त 'क' आणि 'ख' म्हणू. दोघांचे काम एकच : सहकाऱ्याने लांबून फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलायचा आणि तो घेऊन पुढे पळायचे. एका हंगामात 'क'च्या दिशेने १३४ वेळा चेंडू फेकला गेला. त्याने ९४ झेल घेतले आणि १,१६१ यार्ड अंतर कमावले. 'ख'च्या दिशेने १३९ वेळा चेंडू आला. त्याने ९० झेल घेतले आणि १,१३४ यार्ड कमावले. इथवर दोघे जणू जुळे भाऊच! पण संघाला सहा गुण मिळवून देणारा 'टचडाउन' मात्र चेंडू झेलून 'क'ने १० वेळा केला आणि 'ख'ने अवघा २ वेळा. आता सांगा, पुढच्या हंगामासाठी तुम्ही कोणाला अधिक किंमत द्याल?

उत्तर कागदावर लिहून ठेवा. मगच पुढे वाचा.

हा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल असले तरी त्यात लंबगोल चेंडू मुख्यतः हातांनीच खेळवला जातो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. चेंडू फेकणाऱ्याला 'क्वार्टरबॅक' म्हणतात आणि कडेला उभे राहून, धावत सुटून तो झेलणाऱ्यांना 'वाइड रिसीव्हर'. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकायचे. तसे सरकत सरकत प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला, की टचडाउन!

याच खेळावरून अमेरिकेत घरबसल्या खेळायचा आणखी एक खेळ निघाला. त्याचे नाव 'फॅन्टसी फुटबॉल'. ओकलंडच्या संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात मित्रांबरोबर त्याचे नियम बसवले आणि १९६३ साली पहिली स्पर्धा सुरू झाली. दहा-बारा मित्र जमतात. निरनिराळ्या संघांतले खरे खेळाडू पाळीपाळीने निवडून जो तो आपला मनातला संघ तयार करतो. मैदानावर ते खेळाडू जे करतील, त्याचे गुण निवडणाऱ्याला मिळतात. एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक झेलाला १ गुण, दर दहा यार्डांना १ गुण आणि प्रत्येक टचडाउनला ६ गुण असतात. म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वीच कोण कसा खेळेल याचा अंदाज बांधायचा. अंदाज बांधणे हा तर विज्ञानाचाच प्रांत, नाही का?

या पद्धतीने आपल्या जोडीचे गुण मोजा. 'क' : ९४ अधिक ११६.१ अधिक ६०, एकूण २७०.१. 'ख' : ९० अधिक ११३.४ अधिक १२, एकूण २१५.४. जवळजवळ ५५ गुणांचा फरक! साहजिकच तुमच्यापैकी बहुतेकांनी कागदावर 'क' लिहिले असेल.

आता नावे सांगतो. संघ लॉस एंजेलिस रॅम्स, हंगाम २०१९ चा. 'क' म्हणजे कूपर कप आणि 'ख' म्हणजे रॉबर्ट वुड्स. पुढच्या, म्हणजे २०२० च्या हंगामात काय झाले पाहा. कपने ९२ झेल घेतले, वुड्सने ९०. कपने ९७४ यार्ड कमावले, वुड्सने ९३६. पुन्हा जुळे भाऊच! पण टचडाउन? कपचे १० वरून ३ वर आले आणि वुड्सचे २ वरून ६ वर गेले. गुण झाले कपचे २०७.४ आणि वुड्सचे २१९.६. म्हणजे 'ख' पुढे! मात्र इथेही घाई नको. कप त्या वर्षी १५ सामने खेळला आणि वुड्स १६. दर सामन्याची सरासरी काढली, तर कपची १३.८ येते आणि वुड्सची १३.७. खरे तर कोणीच पुढे गेले नव्हते. आदल्या वर्षीचा तो मोठा फरकच विरून गेला होता.

असे का व्हावे? कप आळशी झाला? वुड्सने जास्त सराव केला? अशी कारणे आपल्या ओठांवर लगेच येतात. पण त्यापूर्वी एक प्रयोग करा. खिशातले नाणे काढा आणि बारा वेळा उडवा. बारा का? तर २०१९ साली चेंडू झेलून या दोघांचे मिळून बारा टचडाउन झाले होते. छाप पडला तर टचडाउन कपचा आणि काटा पडला तर वुड्सचा, असे समजा. दोघांच्या वाट्याला जवळपास सारखेच चेंडू आले होते, तेव्हा ही तुलना अगदीच गैर नाही. बारा नाणेफेकींचे एकंदर ४,०९६ प्रकार संभवतात. त्यांपैकी १० किंवा त्याहून अधिक वेळा एकच बाजू पडण्याचे प्रकार १५८ आहेत. (वरच्या वर्गातल्या मुलांनी हा आकडा स्वतः पडताळून पाहावा.) म्हणजे साधारण २६ जणांनी प्रयोग केला, तर त्यांतल्या एकाच्या हाती १०–२ किंवा त्याहूनही एकतर्फी वाटणी येईल. त्याच्या नाण्यात काही जादू नसेल.

अमेरिकेच्या या राष्ट्रीय लीगमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येक संघात अशी एकेक जोडी आहे असे समजलो, तर केवळ योगायोगानेच दर वर्षी एखाद्या जोडीत असा फरक पडायला हवा! आणि आपले लक्ष नेमके त्याच जोडीकडे जाते. ज्या जोड्यांत वाटणी ७–५ किंवा ६–६ झाली, त्यांची चर्चा कोण करतो? आश्चर्य वाटण्यापूर्वी 'ही गोष्ट मी किती गोष्टींतून निवडली?' हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा, तो यासाठी.

याचा अर्थ सारे काही दैवावर सोडून द्यावे असा मुळीच नाही. कोणी गोललाइनजवळच्या गर्दीत अधिक उपयोगी पडतो, कोणी लांबच्या धावेत. कौशल्याचा वाटा असतोच. पण तो वाटा कोणत्या आकड्यात स्वच्छ दिसतो आणि कोणत्या आकड्यात गढूळ होतो, हे ओळखले पाहिजे. झेल नव्वदच्या घरात होते, ते जवळजवळ स्थिर राहिले. टचडाउन जेमतेम दहापर्यंतचे, ते वाऱ्यावर हलले. मोजण्याची गोष्ट जितकी विरळ, तितका तिच्यावर योगायोगाचा पगडा अधिक. सांख्यिकीचा हा साधा नियम आहे.

इंग्लंडमधील फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने १८८६ साली हीच गोष्ट वेगळ्या ठिकाणी दाखवली होती. २०५ कुटुंबांतल्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीची तुलना त्याने त्यांच्या आईवडिलांच्या उंचीशी केली. फार उंच आईवडिलांची मुले सरासरीपेक्षा उंच निघाली, पण आईवडिलांइतकी नव्हे. फार बुटक्या आईवडिलांची मुलेही तशीच सरासरीच्या दिशेने सरकलेली दिसली. टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या खेपेस बहुधा सरासरीकडे परतते. तिला कोणी ओढावे लागत नाही.

मग एखाद्या संघाच्या वाइड रिसीव्हरांची किंमत ठरवावी तरी कशी? माझ्या मते टचडाउन शेवटी पाहावेत. आधी भाकरी पाहावी! संघ हंगामभरात जितके चेंडू फेकतो, ती एक भाकरी. सगळे झेलणारे तीच वाटून खातात. तेव्हा पहिला प्रश्न : भाकरी केवढी? दुसरा : या खेळाडूचा तुकडा केवढा? तिसरा : मिळालेल्या तुकड्याचे तो काय करतो? आणि चौथा प्रश्न : यंदा यांतले काय बदलणार आहे? टचडाउनची पाळी यानंतर.

पहिला प्रश्न विसरणारे कसे फसतात, याचे उदाहरणही याच संघात सापडते. २०१९ नंतर ब्रँडिन कुक्स हा तिसरा झेलणारा संघ सोडून ह्यूस्टनला गेला. 'चला, आता त्याचा वाटा कप आणि वुड्सला मिळणार!' असा हिशेब सहज सुचतो. प्रत्यक्षात २०२० साली कपच्या दिशेने १२४ आणि वुड्सच्या दिशेने १२९ चेंडू आले, म्हणजे दोघांचेही घटलेच. कारण संघानेच चेंडू कमी फेकले. जेवणारा एक उठला, पण भाकरीही लहान झाली.

आता या गोष्टीचा तिसरा अंक ऐका. 'कप म्हणजे २०१९ च्या नशिबाचा खेळ' असा निष्कर्ष काढून जे थांबले, ते २०२१ साली तोंडघशी पडले. त्या वर्षी रॅम्सने मॅथ्यू स्टॅफर्ड हा नवा क्वार्टरबॅक आणला. कपच्या दिशेने तब्बल १९१ चेंडू आले, संघाच्या फेकींचा जवळजवळ तिसरा हिस्सा. झेल १४५, यार्ड १,९४७, टचडाउन १६. तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला आला. वरच्या पद्धतीने गुण झाले ४३५.७. हंगाम आता १७ सामन्यांचा झाला होता हे लक्षात घेऊनही फरक प्रचंड आहे. २०२० साली दर सामन्याला त्याच्याकडे सुमारे ८ चेंडू येत, ते आता ११ च्या वर गेले.

इथे 'सरासरीकडे परतण्याचा' नियम खोटा ठरला का? नाही. तो नियम परिस्थिती तीच राहिली तर काय संभवते एवढेच सांगतो. इथे परिस्थितीच बदलली होती. फेकणारा बदलला, वाटा बदलला. मात्र सोळा टचडाउन होतील हे हंगामापूर्वी कोणालाच ठामपणे सांगता आले नसते. चेंडूंची संख्या वाढली आहे, ही गोष्ट मात्र पहिल्या काही सामन्यांतच मोजता येत होती. योगायोग आणि कारण यांत फरक करायचा तो असा : कारणाचा माग आधी आणि इतरत्रही दिसतो, योगायोगाचा दिसत नाही.

आणि काही गोष्टी कोणत्याच कोष्टकात मावत नाहीत. त्याच २०२१ च्या नोव्हेंबरात सरावाच्या वेळी वुड्सच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम नवव्या सामन्यावरच संपला. २०२२ साली घोट्याच्या दुखापतीने कपचाही हंगाम नऊ सामन्यांवर थांबला. मनातल्या संघाच्या वहीत तिथे नुसते शून्य पडते. मैदानावर मात्र एक माणूस वेदनेने कळवळत असतो. आकड्यांचा अभ्यास करताना हे विसरणाऱ्याला मी चांगला अभ्यासक म्हणणार नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या या खेळाशी आमचा काय संबंध? शिक्षक बंधुभगिनींनो, हे विशेषतः तुमच्यासाठी. मी शिकवत असताना चाचणीत फार कमी गुण पडलेल्या मुलांना रागावत असे आणि पुढच्या चाचणीत त्यांचे गुण वाढत. फार चांगले गुण मिळवणाऱ्यांची पाठ थोपटत असे आणि त्यांचे गुण पुढे थोडे घसरत. कित्येक वर्षे मी समजत होतो, की रागावणे गुणकारी आहे आणि कौतुक मुलांना बिघडवते! पुढे हा नियम वाचला आणि खजील झालो. बरीचशी मुले आपापल्या सरासरीकडे परतत होती. श्रेय मात्र मी माझ्या रागाला देत होतो. त्यापायी किती मुलांचे कौतुक करायचे राहून गेले, याचा हिशेब आता कोण देणार?

दहा प्रश्नांची एक चाचणी म्हणजे बारा वेळा उडवलेल्या नाण्यासारखीच विरळ मोजणी. तिच्यावरून 'हा हुशार' आणि 'तो ढ' असे शिक्के मारणे म्हणजे २०१९ च्या टचडाउनवरून वुड्सला बाद ठरवणे होय. वर्षभरातल्या अनेक मोजण्या पाहा. कोणाला संधी किती मिळाली तेही पाहा. ज्याला वर्गात उत्तर द्यायला कधी उभेच केले नाही, त्याच्या उत्तरांची संख्या कमी असणारच!

जाता जाता एक इशारा. अंदाजाचा हा खेळ वही आणि पेन्सिल घेऊन खेळला तर गणिताचा सुंदर तास आहे. त्यावर पैसे लावले, की तो जुगार होतो. भारतात २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला आहे. योगायोगाचा वाटा किती मोठा असतो हे ज्याला खरोखर उमगले, त्याला हा मोह आवरायला कायद्याची गरज पडू नये.

आता सुरुवातीचा कागद पुन्हा हातात घ्या. 'क' लिहिले असेल तर वाईट वाटून घेऊ नका. 'ख' लिहिले असेल तर फुशारकीही मारू नका. दोघे जवळजवळ समान आहेत आणि आणखी माहिती मिळाल्याशिवाय मी ठामपणे सांगू शकत नाही, असे ज्याने लिहिले असेल, त्याची पाठ मात्र मी जरूर थोपटीन. पुढच्या खेपेस त्याचे उत्तर चुकले तरीसुद्धा!