शून्य चुका, पण किती वेळात?

परवा आईने फोनवर एक नंबर सांगितला. ती म्हणाली "एकोणसाठ", मला ऐकू आलं "एकोणसत्तर". मी पुन्हा विचारलं, तर वैतागून म्हणाली, "अरे, पाच नऊ! पाच आणि नऊ!" मंडळी, आमच्या धंद्यातलं अर्धं शास्त्र आईच्या या एका वाक्यात आलं. निरोप जसाच्या तसा पाठवायचा नाही, वाटेत खराब झाला तरी पलीकडे ओळखता येईल अशा रूपात पाठवायचा. तुमच्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हेच काम करतो. व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या पद्धतीने तो आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर तो लगेच चुगली करतो.

उरलेलं अर्धं शास्त्र चुका मोजण्याचं. माझी तक्रार आहे ती त्याबद्दल.

२००० साली मी डॅलसजवळच्या रिचर्डसनमध्ये एका कंपनीत ऑप्टिकल कार्डांच्या चाचणीवर होतो. टेलिकॉमची दिवाळी चालू होती. माल जितका लवकर ट्रकमध्ये चढेल तितकं बरं. एका फायबरवरून सेकंदाला २४९ कोटी बिट्स पाठवणारं कार्ड, आणि अट अशी की एक लाख कोटी बिट्समागे एकापेक्षा जास्त चूक नको. चाचणी किती वेळाची? एक मिनिट. मीटरवर शून्य दिसलं की 'पास', खाली माझी सही.

आता हिशोब करा. या वेगाने एक लाख कोटी बिट्स जायलाच पावणेसात मिनिटं लागतात. म्हणजे आम्ही एसटीच्या थांब्यावर मिनिटभर उभं राहून 'या गावाला एसटी येत नाही' असा दाखला देत होतो. समजा कार्ड दहापट वाईट आहे, साधारण चाळीस सेकंदांना एक चूक करणारं. तरीही चुका काही घड्याळ लावून येत नाहीत, त्यामुळे अशा पाचातलं एखादं कार्ड मिनिटभर निर्दोष दिसून सहज सुटतं. ९५ टक्के खात्रीने 'पास' म्हणायचं असेल, तर अटीत सांगितलेल्या बिट्सच्या तिप्पट बिट्स एकही चूक न होता गेले पाहिजेत. इथे ती वीस मिनिटं होतात. सेकंदाला दहा अब्ज बिट्सची लिंक असेल तर पाच मिनिटांत भागतं. लिंक जितकी हळू तितका वेळ जास्त, हे वरिष्ठांना पटवताना माझ्या नाकी नऊ येत.

मी हे त्यांना सांगितलं का? एकदा सांगितलं. "वीस मिनिटं प्रत्येक कार्डाला?" म्हणून हसले. मीही हसलो आणि सह्या करत राहिलो. व्हिसा त्यांच्या हातात होता, हे कारण आहे, सबब नाही.

काही महिन्यांनी एक कार्ड परत आलं. लिंक मधूनमधून चुका दाखवायची. तिथल्या टेक्निशियनला 'कनेक्टर नीट पुसत नाहीस' म्हणून दोन आठवडे बोलणी खावी लागली होती. मी ते कार्ड बाकावर लावलं आणि जेवायला गेलो. परत येईपर्यंत मीटरवर वीसेक चुका जमल्या होत्या. कागदावर सही माझी. त्या मुलाला मी कधी भेटलो नाही, त्याचं नावही मला कोणी सांगितलं नाही.

वेळेइतकंच महत्त्व आहे काय पाठवून मोजता याला. भारतात वापरली जाणारी, तीस संभाषणं वाहणारी ई-वन लाइन घ्या. तिच्यात एक म्हणजे विजेचा ठोका, शून्य म्हणजे शांतता. पलीकडचं यंत्र या ठोक्यांवरूनच आपलं घड्याळ जुळवतं, त्यामुळे शून्यांची रांग लागली की ते भरकटतं. यावर उपाय म्हणून ठोके आलटून पालटून धन आणि ऋण पाठवतात, आणि लागोपाठ चार शून्यं आली की त्यांच्या जागी मुद्दाम नियम मोडणारा ठोका घालतात. पलीकडच्याला कळतं, हा नियमभंग म्हणजे चार शून्यं. मला ही युक्ती अजूनही गोड वाटते. पण तुम्ही तपासताना एक-शून्य-एक-शून्य असा सोपा पाढाच पाठवलात, तर या युक्तीची परीक्षा होतच नाही. म्हणून ३२,७६७ बिट्सची यादृच्छिक दिसणारी माळ पाठवतात, तिच्यात शून्यांच्या लांब रांगाही येतात.

आता तर चुका दुरुस्त करणारे कोड सगळीकडे आहेत. बेल लॅब्जमध्ये हॅमिंग शनिवार-रविवारी मशीनला काम लावून जायचा. मशीन चूक सापडली की ते काम टाकून द्यायचं. चूक झाली हे कळतं तर कुठे झाली हे का कळू नये, या चिडीतून १९५० चा त्याचा प्रसिद्ध लेख आला. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांचा कोड आला. फायबरवर त्याचं एक नेहमीचं रूप म्हणजे २३९ बाइट्सना १६ जादा बाइट्स जोडणं. त्या २५५ पैकी कुठलेही आठ बाइट्स बिघडले तरी चालतं.

पण यानेच माणसं आळशी झाली. दहा हजार बिट्समागे एक चूक होत असली तरी हा कोड सगळं निस्तरतो, पडद्यावर शून्य. चुका आणखी दहापट वाढल्या की दहा अब्जांच्या लिंकवर सेकंदाला हजारो चुका सांडतात. मधे पायरीच नाही, सरळ कडा. आईचं फोनवरचं "आम्ही अगदी मजेत" हेही दुरुस्तीनंतरचंच माप असतं. खरं माप शेजारच्या काकूंकडून कळतं. यंत्राला काकूंची गरज नाही, किती चुका निस्तरल्या ते त्याला ठाऊक असतं. विचारत मात्र कोणी नाही.

असो. सध्याच्या लॅबमध्ये मी चाचणीच्या कागदावर तीन रकाने वाढवून घेतले आहेत: किती वेळ, कुठली माळ, दुरुस्तीआधी किती चुका. नव्याने लागलेल्या एका मुलाने गेल्या आठवड्यात पहिला रकाना रिकामा सोडून कागद सहीला आणला. मी परत पाठवला. तो तोंड वाकडं करून गेला, आणि वीस मिनिटांनी घेऊन आला.