कोल्हापुरीच्या शेजारी पायाचा डॉक्टर हवा

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्रादाने कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दाखवल्या आणि श्रेयावरून रास्त गदारोळ उठला. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यावर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांच्या कारागिरांचा हक्क आहे. मात्र या साऱ्या चर्चेत चप्पल घालणाऱ्याच्या पायाबद्दल कोणी बोलले नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. दीर्घ मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. मग चामड्याने कातडी सोलली तरी कळत नाही, जखम चिघळते आणि कित्येकदा पाय कापण्याची पाळी येते. हे टाळणे हे पोडियाट्रिस्टचे, म्हणजे पादतज्ज्ञाचे एक मुख्य काम. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तो संवेदना तपासतो, घोट्याजवळची नाडी पाहतो, घट्टे आणि कुरुपे तासतो, नखे नीट कापतो. भार कुठे जास्त पडतो ते पाहून पादत्राण कसे असावे, हेही लिहून देतो. आपल्याकडे असे तज्ज्ञ फार थोडे. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने या पेशाची नोंद घेतली, पण आजही बहुतेक ठिकाणी हे काम शल्यचिकित्सक किंवा मधुमेहतज्ज्ञच सवडीने करतात. नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रमातून डॉक्टर आणि परिचारिकांना एकत्र प्रशिक्षण देऊन वाट दाखवली आहे.

या नजरेने कोल्हापुरीकडे पाहिले तर तिचे गुण ठळक दिसतात. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे वापरता वापरता पायाच्या आकाराला बसते. चप्पल पुढून मोकळी असल्याने बोटे आवळली जात नाहीत. दक्षिण भारतातील सुमारे 2300 मुलांच्या 1992 च्या अभ्यासात सपाट तळव्यांचे प्रमाण बंद बूट घालणाऱ्यांत सर्वाधिक आढळले होते. सँडल आणि चपला घालणाऱ्यांत ते कमी होते. निरोगी पायाने कोल्हापुरी खुशाल घालावी.

बधिर पायाला मात्र ती चालत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चपलेचा अंगठा, म्हणजे पायाचे बोट अडकवायचे कडे, घासतो, मागे पट्टा नसल्याने चप्पल धरून ठेवायला बोटे आवळावी लागतात आणि कडक तळ दाब शोषून घेत नाही. अशा पायासाठी मागे पट्टा, वर रुंद आणि सैल-घट्ट करता येणारे बंद, आत सूक्ष्मछिद्री रबराचा मऊ थर आणि खाली न वाकणारा तळ हवा. ज्यांचे पाय असेच बधिर होतात त्या कुष्ठरुग्णांसाठी या रबराच्या चपला कित्येक दशके बनत आल्या आहेत, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी याच प्रश्नावर काम केले. चपलेचा अंगठाच काढला तर ती कोल्हापुरी कसली, हा आक्षेप खरा आहे. तिला कोल्हापुरी म्हणूच नये, मानांकनाचा शिक्काही लावू नये. पण ती बनवणारे हात सुभाषनगरच्या आणि कापशीच्या कोल्हापुरी कारागिरांचे का असू नयेत? गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून रेघ मारणारा कारागीर पायाची रुंदी जाणतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखभर भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय रुंद असतात आणि विलायती मापे त्यांना पुरत नाहीत, हेच पुढे आले.

कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय आणि संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ यांनी मिळून आठवड्यातून एक दिवस पायांची ओपीडी सुरू करावी. तिथे डॉक्टरांशेजारी प्रशिक्षित कारागीर बसावा आणि त्याला त्या कामाचे मानधन मिळावे. वाचकांनीही घरातल्या मधुमेही माणसाचे तळवे रोज पाहावेत, त्याला अनवाणी चालू देऊ नये आणि नव्या चपलेचे माप, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, संध्याकाळी द्यावे.