तिकीट माझं, मोबाइल कुणाचा?

मैत्रिणींनो, मॅच बघायला जायचं म्हणजे तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं आणि आत शिरायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. पण जगातल्या मोठ्या स्पर्धांना आता तेवढ्यानं भागत नाही. आयोजकांचं अ‍ॅप मोबाइलमध्ये घ्या, त्यात आपली माहिती भरा, मगच दार उघडतं.

कतारमध्ये 2022 साली फुटबॉलचा विश्वचषक झाला. परदेशी प्रेक्षकाला 'हय्या' कार्ड काढावंच लागे. त्याशिवाय ना देशात प्रवेश, ना स्टेडियममध्ये. त्यावर मेट्रो आणि बस फुकट होती, ही सोय मान्य. तिकीटसुद्धा फिफाच्या अ‍ॅपमध्येच. आणि 21 नोव्हेंबरला, इंग्लंड-इराण सामन्याच्या दिवशी, नेमकं तेच अडलं! पैसे भरलेली माणसं मोबाइल हातात धरून बाहेर ताटकळली. कित्येकांचा सुरुवातीचा खेळ हुकला.

दुसरा प्रश्न माहितीचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीजिंगला हिवाळी ऑलिंपिक झालं. तिथे 'माय 2022' हे अ‍ॅप सक्तीचं होतं, तब्येतीची माहितीही त्यातच भरायची. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं स्पर्धेआधीच दाखवून दिलं, की ही माहिती वाटेत दुसऱ्याच्या हाती लागू शकते. खेळ बघायला आलेल्या माणसाची एवढी चौकशी कशाला?

आयोजक म्हणतात, काळाबाजार थांबतो, बनावट तिकिटं चालत नाहीत, गर्दी आवरता येते. यात तथ्य आहे. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : प्रत्येकाकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे. आपल्याकडे तसं आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या जेमतेम 54 टक्के बायकांनी स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचं सांगितलं. आमच्या बचत गटाचे फॉर्म भरताना मी बघते ना, नंबर लिहायचा तर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. ओटीपी त्याच्याकडे, म्हणजे तिकीटही त्याच्याकडे. तो बरोबर नसला, तर बाई दाराबाहेर.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आता कितीतरी मायलेकींना मैदानावर जावंसं वाटेल. म्हणूनच हे आताच बोलायला हवं. अ‍ॅप ठेवा, पण सोबत कागदी तिकीट आणि मदतीची खिडकीही ठेवा. लागेल तेवढीच माहिती विचारा, आणि ती कधी पुसणार तेही सांगा.

आपणही थोडं सावध राहू या. अ‍ॅपनं फोटो, फोनमधले नंबर, ठिकाण मागितलं की लगेच 'हो' म्हणायचं नाही. मॅच संपली की आधी खातं बंद करायचं, मग अ‍ॅप काढायचं. नुसतं अ‍ॅप काढलं म्हणून तिकडे गेलेली माहिती पुसली जात नाही.

पैसे मोजून तिकीट घेतलं, की आत जाण्याचा हक्क आपला. तो मोबाइलच्या बॅटरीवर किंवा घरातल्या पुरुषाच्या सवडीवर अवलंबून का असावा?