विषाणू पुढे, नोंद मागे

अमेरिकेतील वराहपालनाला २०१३ च्या वसंतात ज्या विषाणूने गाठले, तो अनोळखी नव्हता. 'पोर्साइन एपिडेमिक डायरिया' हा आतड्याचा रोग १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये आढळला होता. २०१० पासून चीनमध्ये त्याने उग्र रूप धारण केले होते. तरीही अमेरिका बेसावध राहिली.

कोरोना कुळातील हा विषाणू माणसाला बाधत नाही. मोठी डुकरेही बहुधा बरी होतात. मात्र आठवड्याच्या आतील पिलांच्या आतड्याचे अस्तर झडते, दूध पचत नाही आणि शरीरातील पाणी आटून जवळजवळ सगळी पिले दगावतात. वर्षभरात सुमारे ७० लाख पिले मेल्याचा अंदाज आहे. प्रारंभी लस नसल्याने मेलेल्या पिलांची आतडी दळून गाभण माद्यांना खाऊ घातली गेली. दुधावाटे प्रतिकारशक्ती पिलांत उतरावी, हा हेतू. प्रकार किळसवाणा खरा, पण शास्त्राला सोडून नव्हता.

खरी चूक कारभाराची. सक्तीने कळवावयाच्या रोगांत याचा समावेशच नव्हता. कृषी खात्याने नोंद बंधनकारक केली ती जून २०१४ मध्ये. तोवर सुमारे ३० राज्ये बाधित झाली होती. खाद्यमालाच्या पुन्हा वापरलेल्या मोठ्या पोत्यांतून विषाणू देशात शिरला असावा, हा चौकशीचा निष्कर्ष यायला २०१५ उजाडले.