चोरी करा, पण विचारून!

रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला, की एकतर कोणाचं लग्न ठरलेलं असतं नाहीतर कोणीतरी ॲडमिट असतं. त्या दिवशी दोन्ही नव्हतं. "तू पेपरवाली ना गं? तुझी पोलिसांत कोणी ओळख आहे का?" मावशी चक्क रडत होती. ही गोष्ट २०१९ ची.

झालं होतं असं. माझा मावसभाऊ तेव्हा इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला. कॉलेजच्या साइटवर रिझल्ट बघताना त्याच्या लक्षात आलं, की वर ॲड्रेस बारमध्ये आपलाच सीट नंबर दिसतोय. पठ्ठ्याने शेवटचा आकडा बदलून बघितला. शेजारच्या बाकावरच्या मित्राचा रिझल्ट हजर! मार्क, फोन नंबर, घरचा पत्ता, सगळं. मग काय, आणखी एक आकडा, आणखी एक. असे चाळीसेक जण त्याने बघून टाकले. (त्यात एका ठरावीक मुलीचा नंबर शोधणं चालू होतं असा मला दाट संशय आहे. तो आजही कबूल करत नाही.) दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट घेऊन स्वारी एचओडींच्या केबिनमध्ये. शाबासकी मिळेल म्हणून गेला आणि नोटीस घेऊन आला. पालकांना घेऊन या आणि पोलिसांत तक्रार का करू नये ते सांगा!

पोलिसांत माझी ओळख नव्हतीच. आमच्यासारख्या लाइफस्टाइलवाल्यांची ओळख फार तर हॉटेलातल्या शेफशी. शेवटी काकांनी माफीनामा लिहून दिला आणि प्रकरण मिटलं. मावशी मात्र पुढे कित्येक दिवस बेल वाजली की दचकायची.

आज हाच मुलगा पुण्यात सिक्युरिटी टेस्टर आहे. कंपन्या त्याला पैसे देऊन सांगतात, ये बाबा आणि आमचं ॲप फोडून दाखव. करतो काय, तर आकडे बदलून बघतो!

'एथिकल हॅकर व्हायचंय, सुरुवात कुठून करू?' असं विचारणारे हल्ली मला प्रत्येक पार्टीत भेटतात. म्हणून गेल्या शनिवारी त्याच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर धडकले. म्हटलं, मला शिकव. माझं क्वालिफिकेशन मास कॉम, कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणजे हँग झाला की बंद करून चालू करणं. यापेक्षा वाईट विद्यार्थी तुम्ही नक्कीच नसाल.

सिनेमात दाखवतात तसा हुडी आणि हिरव्या अक्षरांचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून गेले होते. त्याने समोर ठेवलं 'बँडिट'. ओव्हर द वायर नावाच्या साइटवरचा हा फुकटातला खेळ. लिनक्सच्या कमांड वापरायच्या, लपवलेला पासवर्ड शोधायचा आणि पुढच्या लेव्हलला जायचं. पहिला पासवर्ड सहज मिळाला, कॉलर टाइट! दुसऱ्या वेळी फाइलचं नाव होतं नुसती एक आडवी रेघ. ती उघडायला गेले, तर कॉम्प्युटर माझ्याच तोंडाकडे बघत बसला. ती रेघ त्याच्या लेखी फाइल नव्हतीच, 'तुम्ही टाइप करा, मी वाचतो' अशी खूण होती. नावाच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ टाकली की उघडते, हे कळायला मला पंचवीस मिनिटं लागली. "हेच काम आहे ताई," पठ्ठ्या चहा ओतत म्हणाला. "पंचवीस मिनिटं डोकं फोडायचं आणि कंटाळायचं नाही."

नेटवर्क कसं चालतं, ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात, लिनक्स आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग, एवढं आधी पक्कं करा असं त्याचं म्हणणं. काली लिनक्समध्ये शेकडो टूल्स आयती मिळतात आणि तेही फुकट, पण पाया नसेल तर तो नुसता हत्यारांचा डबा. 'सात दिवसांत हॅकर व्हा' अशा जाहिराती बघून पैसे भरणाऱ्यांनी त्या पैशांत गोव्याला जाऊन यावं, हे माझं मत. निदान फोटो तरी चांगले येतील.

मग आला दिवसाचा खरा फंडा. त्याने माझ्या लॅपटॉपवर 'ज्यूस शॉप' चढवलं. ओवास्प या संस्थेने मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं हे ज्यूसचं खोटं दुकान आपल्याच मशीनवर चालतं, त्यामुळे कितीही फोडा, कोणाचं काही जात नाही. जोडीला 'बर्प सूट' नावाचं टूल, त्याचं कम्युनिटी एडिशन फुकट मिळतं. ते करतं काय, तर दोन ऑफिसांमध्ये टपाल नेणारा एखादा आगाऊ शिपाई असावा ना, तसं ब्राउझर आणि सर्व्हरच्या मधे उभं राहतं. पाकीट उघडून तुमच्या हातात देतं, हवं ते बदला म्हणतं आणि पुन्हा चिकटवून पुढे पाठवतं. मी माझ्या बास्केटचं पाकीट उघडलं. आत बास्केटचा नंबर होता. तो बदलला, पाकीट पुढे सोडलं आणि कोणा दुसऱ्याचीच खरेदी स्क्रीनवर आली.

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसला. २०१९ चा सीट नंबर तो हाच! 'तू कोण' हे सर्व्हरने विचारलं, पण 'हे तुझं आहे का' हे विचारायचं राहून गेलं. ओवास्पच्या २०२१ च्या टॉप टेन यादीत ज्या प्रकारच्या चुका पहिल्या नंबरावर आहेत, त्यांतलीच ही एक. म्हणजे कॉलेजला त्याने दाखवलेलं भोक खरं होतं. चुकलं कुठे?

त्याने आयटी ॲक्ट काढून दाखवला. २००० सालचा हा कायदा. मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं ४३व्या कलमात येतं, त्याची नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर ६६वं कलम, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "माझा हेतू चांगला होता हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण एक नंबर बघून थांबायला हवं होतं. चाळीस कशाला बघितले, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं." त्या मुलीचा विषय मी तेवढ्यापुरता टाळला.

परवानगी म्हणजे तोंडी 'हो, कर' नव्हे. कोणतं ॲप, कोणत्या तारखांना, काय करायचं, कशाला हात लावायचा नाही, सगळं लेखी आणि ज्याला सही करायचा अधिकार आहे त्याच्या सहीने. हे शेवटचं फार महत्त्वाचं. त्याच २०१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कोलफायर कंपनीचे दोन टेस्टर रात्री एका कोर्टाच्या इमारतीत शिरले. राज्याच्या न्याय विभागानेच त्यांना ते काम दिलं होतं. अलार्म वाजला, पोलीस आले, दोघांनी पत्र दाखवलं. तरी अटक! कारण शेरिफचं म्हणणं, इमारत काउंटीची आहे, राज्य कोण परवानगी देणारं? पुढे जानेवारी २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले. पण कागद हातात असूनही लॉकअपची हवा खावी लागली ती लागलीच.

नवख्यांसाठी त्यातल्या त्यात सोपा रस्ता बग बाउंटीचा. कंपन्या स्वतःच जाहीर करतात, की अमुक हद्दीत आमच्या चुका शोधा, बक्षीस घ्या. २०१६ मध्ये आनंद प्रकाश या बंगळुरूच्या तरुणाने फेसबुकचं एक भोक असंच दाखवून दिलं. पासवर्ड विसरला की सहा आकडी कोड येतो ना, तो मुख्य साइटवर काही वेळाच चुकवता यायचा, पण बीटा साइटवर कितीही वेळा. म्हणजे सगळे आकडे टाकून बघा, एक लागणारच! त्याने ते स्वतःच्याच अकाउंटवर करून दाखवलं आणि फेसबुकने १५ हजार डॉलर दिले. हे ऐकून नोकरी सोडायच्या आधी जरा थांबा. बक्षीस सहसा पहिल्यालाच. आमच्या पठ्ठ्याचे पहिले चार रिपोर्ट 'डुप्लिकेट' म्हणून परत आले, पाचव्याला मिळाला एक टी-शर्ट. तोही एक्सएल. आता काका घालतात.

आणि जिथे असा प्रोग्रॅमच नाही, तिथे चुकून काही दिसलं तर? तिथेच थांबायचं आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इनला कळवायचं. ही यंत्रणा २००४ पासून आहे. पण कळवायची सोय आहे म्हणजे खोदायची परवानगी आहे, असा अर्थ कोणी काढू नका.

मला सगळ्यात सुखावून गेली ती मात्र वेगळीच गोष्ट. ओएससीपी नावाची या क्षेत्रातली मानाची परीक्षा आहे. फी लाखाच्या वर आणि पेपर २३ तास ४५ मिनिटांचा! तो संपला, की रिपोर्ट लिहायला वेगळे २४ तास. रिपोर्ट धड नसेल, तर मशीन फोडूनही नापास. चूक कुठे आहे, ती कशी सापडली, कोणाचं काय नुकसान होईल आणि दुरुस्त कशी करायची, हे रागावलेल्या मॅनेजरलाही कळेल असं लिहायचं. मावसभावाने त्याचा चालू असलेला एक रिपोर्ट कंपनीचं नाव झाकून मला वाचायला दिला. 'तुमच्या डेव्हलपरने निष्काळजीपणा केला आहे' हे पहिलंच वाक्य मी खोडायला लावलं. तेवढीच माझी या क्षेत्रातली कामगिरी.

निघताना राहवलं नाही. विचारलं, "काय रे, कॉलेजचं ते भोक अजून आहे का?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "बघायची परवानगी नाही, ताई."