पिशवी खुंटीला, आपण बाजारात



गेल्या उन्हाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीची दुभती गाय दगावली. चार दिवस तिने रवंथ केले नव्हते, डावी कूस फुगली होती, शेण टाकणे थांबले होते. गुरांचे डॉक्टर आले तोवर फार उशीर झाला होता. मेल्यावर पोट उघडले तेव्हा आतून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा, सुतळीचा आणि चिंध्यांचा एकमेकांत पिळलेला मोठा गोळा निघाला. त्यातली एक पिशवी मी ओळखली. चर्चच्या सणाला मुलांना खाऊ वाटण्यासाठी आम्ही ज्या निळ्या पट्ट्यांच्या पिशव्या आणल्या होत्या, त्यांपैकी ती एक होती. सणानंतरचा केर मागच्या खड्ड्यात टाका, असे मीच सांगितले होते.

तेव्हा हा लेख कोणाला दोष देण्यासाठी नाही. दोषाची सुरुवात माझ्यापासूनच आहे.

गाय प्लॅस्टिक का खाते, असे आपण विचारतो. कारण साधे आहे. गाय ओठांनी निवडून खात नाही, जिभेने ओढून घेते आणि फारसे न चावता गिळते; चावणे पुढे रवंथ करताना. आपण भाजीची साले, उरलेला भात पिशवीत भरतो, वर गाठ मारतो आणि उकिरड्यावर फेकतो. गायीला आतल्या अन्नाचा वास येतो, पण गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. पोटाच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, ती पिशवी अडकते. ती विरघळत नाही, पुढेही सरकत नाही. वर्षानुवर्षे एकीवर एक साठत जाते. भूक मंदावते, दूध घटते, आणि आपण म्हणतो, गायीला नजर लागली. हा गोळा विरघळवणारे औषध नाही. डाव्या कुशीला चीर देऊन तो हाताने काढावा लागतो. आंध्र प्रदेशातील पुट्टपर्ती येथील करुणा सोसायटी या संस्थेने अशा गायींच्या व्यथेवरून 2012 साली थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. म्हणजे ही एका गोठ्यातली गोष्ट नव्हे.

जे गायीच्या पोटात, तेच जमिनीच्या पोटात. उकिरड्यातले शेणखत आपण शेतात पसरतो तेव्हा पिशव्यांचे तुकडेही पसरतात. नांगराच्या फाळाला ते गुंडाळतात, पाणी मुरण्याच्या आड येतात, आणि पाटात जाऊन बसले की पाणी भलतीकडे वळते. जाळून टाकावे म्हटले तर धूर चुलीजवळ बसलेल्या बाईच्या आणि मुलाच्या छातीत जातो.

सरकारने काही केले नाही असे नाही. 1999 साली नियम आला की पिशवी निदान 20 मायक्रॉन जाडीची हवी. 2011 साली 40, 2016 साली 50, 2021 साली 75, आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन. कर्नाटकाने 2016 साली आणि महाराष्ट्राने 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. कागदावर पिशवी जाड होत गेली, कोठे बंदही झाली; बाजारात मात्र मिरची आणि कोथिंबीर अजूनही पातळ पिशवीतूनच घरी येते. माझे मत असे आहे की, आपण रिकाम्या हाताने बाजारात जातो तोवर हे असेच चालणार. दुकानदार म्हणतो, पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याला पिशवी द्यायला आपला रिकामा हात भाग पाडतो.

गंमत अशी की, हातात धरायच्या या प्लॅस्टिक पिशवीचे पेटंट ज्यांच्या नावाने 1965 साली निघाले, ते स्वीडनचे स्टेन गुस्टाफ थुलिन स्वतः पिशवी घडी करून खिशात ठेवीत आणि पुन्हा पुन्हा वापरीत, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. ज्याने ती वस्तू काढली त्याला जे कळले होते, तेच आपण विसरलो.

मग कोणती पिशवी घ्यावी? येथे माझे मत काहींना रुचणार नाही. नवी कापडी पिशवी विकत घेऊ नका, आणि समारंभात छापील पिशव्या वाटूही नका. कापूस पिकवायला किती पाणी आणि किती फवारे लागतात हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ हवामानावरील परिणाम पाहिला, तर नवी सुती पिशवी 131 वेळा वापरावी तेव्हा ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते, असे दिसले. आठवड्यातून एकदा बाजार धरला तर ही अडीच वर्षे झाली. ज्या घरात दहा छापील पिशव्या कपाटात पडून आहेत, तेथे कोणती अडीच वर्षे टिकून कामी येणार?

त्यापेक्षा घरातली जुनी पॅन्ट, जाड चादर किंवा नऊवारीचा धड राहिलेला भाग घ्या. शिवण दुहेरी घाला. बंद नुसते तोंडाशी टाचू नका, पिशवीच्या अंगावर वीतभर खाली उतरवून शिवा. म्हणजे पाच किलो रताळी भरली तरी तुटणार नाहीत. दुकानात कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी मिळते, तीही बहुधा प्लॅस्टिकचीच असते. तिची कड उसवून पाहा. उभे-आडवे धागे सुटले तर ते विणलेले कापड. धागा सुटतच नसेल तर ते दाबून केलेले प्लॅस्टिक.

आरोग्याच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. औषध लावलेल्या बियाण्याच्या किंवा खताच्या रिकाम्या पिशवीत धान्य, पीठ, भाजी कधीही भरू नका; धुतली तरी नको. मासळी-मटणासाठी झाकणाचा डबा वेगळा ठेवा, कारण त्याचे पाणी भाजीला लागले की पोटाचे विकार आलेच. आणि कापडी पिशवी दर आठवड्याला धुऊन कडक उन्हात वाळवा. गरम चहा, सांबार पातळ पिशवीतून आणणे तर बंदच करा. त्यासाठी आपल्या घरी किटली आहे.

आता खरी अडचण: आठवण. पिशव्या घरात नाहीत असे नाही. पिशवी खुंटीला असते आणि आपण बाजारात असतो. गाय गेल्यावर महिनाभरात मीच दोनदा रिकाम्या हाताने गेलो आणि दोन्ही वेळा पिशवी घेऊन आलो. दुसऱ्या वेळी एका आजीबाईंनी वाटेत विचारले, “फादर, ही निळी की पांढरी?” मी काय उत्तर देणार? त्या दिवसापासून चार गोष्टी करू लागलो, त्या सांगतो.

पिशवीची खुंटी स्वयंपाकघरात नको, बाहेरच्या दाराशी हवी, चपलांच्या वर. सामान काढले की रिकामी पिशवी तेव्हाच खुंटीला परत जावी. “मग ठेवू” म्हटले की ती हरवली. एक लहान पिशवी घडी करून मोटारसायकलच्या डिकीत किंवा सायकलच्या कॅरियरला कायमची बांधलेली असावी. आणि चौथी गोष्ट कडक आहे: विसरलो तर पिशवी घ्यायची नाही. टॉवेलात बांधायचे, पदरात घ्यायचे, नाहीतर परत जायचे. एकदा अर्धा मैल परत चालले की पुढच्या वेळी आठवण आपोआप होते. माझी झाली.

कोणी म्हणेल, फादर, तुम्हाला वेळ आहे. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून, हातात मजुरी पडल्यावर थेट बाजारात जाणाऱ्या बाईने काय करावे? हा प्रश्न रास्त आहे. तिला नियम सांगण्याआधी ज्यांच्या दाराशी चारचाकी उभी आहे त्यांनी आपली पिशवी न्यावी. आणि तिच्यासाठी भाकरीच्या फडक्याइतकी पातळ पिशवी शिवता येते, ती कमरेला खोचून राहते. महिला मंडळाने रविवारी मिस्सा आटोपल्यावर तासभर शिवणयंत्र चालवले तर जुन्या कपड्यांतून अशा किती पिशव्या होतील! हे वाटप मला मान्य आहे, कारण ज्यांच्याकडे नाही त्यांना ते पोचते.

येत्या सणाला मुलांचा खाऊ केळीच्या पानात बांधून दिला जाईल. चर्चमागचा खड्डा आम्ही उकरला, पिशव्या वेचून बाहेर काढल्या आणि आता तेथे फक्त पालापाचोळा जातो. त्या भगिनीला मंडळाने मिळून कालवड घेऊन दिली आहे. ती अजून दोन वर्षे तरी दूध देणार नाही. तोवर तिच्या पोटात काय जाईल हे बरेचसे आपल्या हातात आहे. उद्या बाजाराला निघताना उंबऱ्यावर क्षणभर थांबा आणि आपला हात रिकामा आहे का, तेवढे पाहा.

आपला,
धर्मगुरू